चकत्यांची शेपटी कागदावर: मार्व्हलस स्पॅट्युलटेल या हमिंगबर्डाचे जलरंगातील चित्र कसे करावे

पेरू देशाच्या उत्तरेला आमाझोनास नावाचा प्रांत आहे आणि त्या प्रांतातून उत्कुबाम्बा नदी वाहते. या नदीच्या खोऱ्यालगतच्या डोंगरउतारांवर, साधारण २१०० ते २९०० मीटर उंचीच्या पट्ट्यात एक हमिंगबर्ड राहतो, आणि उत्तर पेरूबाहेर तो जगात कोठेही आढळत नाही. त्याचे शास्त्रीय नाव लॉडिजेशिया मिराबिलिस. इंग्रजीत त्याला मार्व्हलस स्पॅट्युलटेल म्हणतात. त्याचे वजन ३ ग्रॅमच्या आसपास असते. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नराची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर भरते आणि तिचा अर्ध्याहून अधिक भाग एकट्या शेपटीने व्यापलेला असतो. हमिंगबर्डांच्या शेपटीत सहसा दहा पिसे असतात. याच्या शेपटीत चारच असतात. त्यांतील बाहेरची दोन पिसे तारेसारखी बारीक होत लांब जातात, वळतात, एकमेकांना छेदतात आणि टोकाशी अचानक रुंद होऊन जांभळ्या-निळ्या चकत्या बनतात. नराला या दोन चकत्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे हलवता येतात.

या पक्ष्याचे चित्र काढू पाहणारा बहुधा झगमगत्या गळ्यापासून सुरुवात करतो आणि शेपटी शेवटी जोडतो. मी केलेली पहिली चार-पाच चित्रे अशीच फसली. गळा चांगला उतरला होता. शेपटी मात्र पक्ष्याला मागून दोरा बांधल्यासारखी दिसत होती. या पक्ष्याचे चित्र शेपटीपासून रचावे लागते आणि रंगाच्या आधी प्रकाश समजून घ्यावा लागतो, हे मला त्यातून कळले. पुढे दिलेली पद्धत याच दोन गोष्टींवर उभी आहे. ज्यांना जलरंगाची प्राथमिक ओळख आहे, म्हणजे सपाट वॉश (रंगाचा एकसारखा पातळ थर) देता येतो आणि ओल्यात ओला रंग सोडता येतो, त्यांना ती पुरेशी आहे. घाई न करता काम केल्यास तीन ते चार बैठका लागतात.

आधीच्या चित्रकारांची अडचण

इतिहासाचा हा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यातून थेट कामाचा धडा मिळतो. अँड्र्यू मॅथ्यूज या संग्राहकाने १८३५ मध्ये हा पक्षी मिळवला. लंडनच्या हॅकनी भागात रोपवाटिका चालवणारे जॉर्ज लॉडिजेस हमिंगबर्डांचा संग्रह करीत असत. तो नमुना त्यांच्यासाठी होता आणि पक्ष्याच्या नावात त्यांचेच नाव आहे. १८४७ मध्ये ज्यूल बूर्सिए या फ्रेंच अभ्यासकाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर १८८० च्या सुमारास पोलिश संग्राहक यान श्तोल्त्समान यांना तो पुन्हा सापडेपर्यंत युरोपातील अभ्यासकांना जिवंत पक्ष्याविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. हाताशी होते ते पेंढा भरलेले वाळके कातडे.

जॉन गूल्ड यांनी १८४९ ते १८६१ या काळात हमिंगबर्डांवर पाच खंडांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात दगडावरून छापून हाताने रंगवलेली ३६० शिळाचित्रे आहेत. पुढे १८८७ मध्ये पूर्ण झालेल्या पुरवणीत आणखी ५८ चित्रांची भर पडली. गूल्ड यांनी स्वतः जिवंत हमिंगबर्ड प्रथम पाहिला तो १८५७ मध्ये, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका बागेत. तोवर या ग्रंथाचे बरेचसे काम होऊन गेले होते. वाळक्या कातड्यात पिसांचा रंग टिकतो. पिसे रंगद्रव्याऐवजी रचनेमुळे चमकत असतील तर तो विशेषच टिकतो. हालचाल मात्र त्या कातड्यात उरत नाही. चार पिसांची ही शेपटी हवेत कशी तोलली जाते आणि चकत्या कोणत्या बाजूला झुकतात, हे त्या काळच्या चित्रकाराला अंदाजानेच ठरवावे लागत असे. आपल्याला तशी सक्ती नाही. आज या पक्ष्याच्या संथ गतीतील चित्रफिती कोणालाही पाहता येतात, आणि त्या पाहिल्याशिवाय पेन्सिल उचलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पक्ष्याची नीट ओळख

नराच्या माथ्यावर निळा-जांभळा तुरा असतो. गळा चकाकता, निळसर-हिरवा. पाठ हिरवी, तिच्यावर किंचित कांस्याची झाक. पोट पांढरे, आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध वरून खाली उतरणारी काळी रेघ. ही रेघ अनेक हौशी चित्रांत राहून जाते. तिच्याविना चित्र दुसऱ्याच एखाद्या पक्ष्याचे वाटू लागते. चोच काळी आणि जवळजवळ सरळ असते. मादीला चमकता गळा आणि निळा तुरा नसतो, पोटावर काळी रेघ नसते, आणि शेपटीच्या चकत्या लहान व दांडे आखूड असतात. मादीचे चित्रही सुंदर होते. चमक रंगवण्याची धास्ती वाटत असेल त्यांनी आधी मादी काढावी.

हा पक्षी वावरतो तो जंगलाच्या कडेला, तोडीनंतर पुन्हा वाढलेल्या झाडोऱ्यात आणि रुबस वर्गातील काटेरी झुडपांच्या दाटीत. रुबस म्हणजे रासबेरीचे भाईबंद. अधूनमधून आल्डरची झाडे असतात. बोमारेआ या वेलीची लोंबणारी लालसर, नळीसारखी फुले त्याच्या विशेष आवडीची आहेत. पार्श्वभूमीसाठी ही माहिती महत्त्वाची आहे. स्पॅट्युलटेलच्या मागे केळीची पाने किंवा जास्वंद काढलेली चित्रे मी पाहिली आहेत. पक्षी अचूक असूनही ती चित्रे खोटी वाटतात, कारण २५०० मीटर उंचीवरची थंड, धुकट हवा त्यांत कोठेच नसते.

नर मादीसमोर नृत्य करतो तेव्हा लांब पिसे वर उचलून, एका फांदीच्या आसपास इकडून तिकडे झेप घेत, चकत्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना झुलवत राहतो. एवढे वजन शेपटीला घेऊन उडणे इतके थकवणारे असते की प्रत्येक फेरी काही सेकंदांतच संपते. चित्रासाठी आपल्याला दोन पर्याय मिळतात: नृत्याचा क्षण किंवा फांदीवर बसलेला नर. पहिल्या चित्रासाठी मी बसलेला नर निवडण्याचा सल्ला देतो. बसलेल्या पक्ष्याची पिसे खाली लोंबतात, त्यांचा छेद स्पष्ट दिसतो आणि पंख मिटलेले असल्यामुळे एक मोठी अडचण आपोआप टळते.

घराजवळचा अभ्यास

महाराष्ट्रात हमिंगबर्ड नाहीत; ते फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे बागेत फुलांशी भिरभिरणारा जो पक्षी अनेकजण हमिंगबर्ड समजतात, तो शिंजीर. दोघांचे नाते नाही. हमिंगबर्डांचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. तरीही या चित्राची तयारी आपल्या अंगणातून चांगली करता येते, आणि त्यासाठी तीन पक्षी उपयोगी पडतात.

पहिला जांभळा शिंजीर. विणीच्या काळातील नर सावलीत कोळशासारखा काळा दिसतो आणि उन्हात मान वळवताच निळा-जांभळा पेटतो. एका जागी बसून अर्धा तास त्याच्याकडे पाहावे आणि वहीत एवढेच टिपावे: ऊन कोणत्या बाजूने होते, चमक अंगाच्या कोणत्या भागावर होती, आणि तिच्या लगतचा भाग किती काळा होता. हिरव्या-निळ्या रंगाच्या शेजारी असणारा काळेपणाच चमक निर्माण करतो, हे या टिपणातून हाताला कळते.

दुसरा पक्षी म्हणजे भृंगराज, पल्लवपुच्छ कोतवाल. सह्याद्रीच्या जंगलात तो दिसतो. त्याच्याही शेपटीची बाहेरची दोन पिसे तारेसारखी लांब जाऊन टोकाशी रुंदावतात आणि ती रुंद टोके किंचित पिळलेली असतात. तो उडताना ही टोके शरीरामागे जणू दोन वेगळे किडे उडत असल्यासारखी दिसतात. बारीक दांडा आणि जड टोक यांच्यामुळे शेपटी प्रत्येक हालचालीत थोडी मागे कशी राहते, हे त्याच्याकडून शिकावे.

तिसरी पाकोळी. जुन्या इमारतींच्या आणि पुलांच्या खाली ती घरटी करते. पाकोळीप्रमाणेच हमिंगबर्डाच्या पंखात दंडाचे हाड अगदी आखूड आणि पंजाचा (मनगटापुढचा) भाग फार लांब असतो. म्हणूनच उडता हमिंगबर्ड काढताना चिमणीच्या पंखासारखा कोपर दाखवला की चित्र बिघडते. पंखाची जवळजवळ सगळी लांबी ही 'हाताची' लांबी असते.

चमक येते कोठून

हमिंगबर्डाच्या गळ्यावरील हिरवा-निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म उपतंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या, आत हवा असलेल्या कणांचे थर एकावर एक रचलेले असतात. प्रकाश या थरांवरून परावर्तित होताना काही लहरी एकमेकींना बळ देतात आणि बाकीच्या विझतात. थरांच्या जाडीवर व अंतरावर रंग ठरतो आणि पाहण्याचा कोन बदलला की तो बदलतो. साबणाच्या फुग्यावर दिसणाऱ्या रंगांचे मूळ तत्त्वही हेच आहे.

चित्रकारासाठी यातून एक सरळ नियम मिळतो. कोन जसा तिरका होत जातो, तसा रंग हिरव्याकडून निळ्याकडे, निळ्याकडून जांभळ्याकडे सरकतो आणि शेवटी विझून काळा होतो. गळा हा गोलाकार पृष्ठभाग आहे. त्यामुळे प्रकाशाकडे तोंड केलेल्या भागात फिकट हिरवट-निळा, त्याभोवती गडद निळा, मग अरुंद जांभळी किनार आणि कडेला काळपट छाया, असा क्रम ठेवावा. संपूर्ण गळा एकाच चमकदार निळ्याने भरला तर तो प्लास्टिकचा वाटतो. रंग कितीही महाग घेतले तरी ही चूक त्यांनी झाकली जात नाही.

साहित्य

कागद ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), शंभर टक्के सुती आणि कोल्ड प्रेस्ड, म्हणजे मध्यम खरबरीत घ्यावा. अगदी खडबडीत कागदावर शेपटीची रेघ तुटते, म्हणून तो टाळावा. ए-४ आकार पुरेसा आहे. त्यावर पक्षी प्रत्यक्षापेक्षा थोडा मोठा बसतो. कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपने लाकडी फळीवर चिकटवून घ्याव्यात.

कुंचले तीन लागतात: ८ क्रमांकाचा गोल, ३ क्रमांकाचा गोल, आणि लांब केसांचा बारीक रिगर. रिगरला पर्याय नाही. शेपटीचा दांडा आखूड केसांच्या कुंचल्याने एका दमात ओढता येत नाही, कारण मध्येच रंग संपतो.

रंग मोजके ठेवावेत: थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, डायऑक्साझिन व्हायोलेट, अल्ट्रामरीन, क्विनाक्रिडोन रोझ, बर्न्ट सिएना आणि एखादा उबदार पिवळा. थॅलो आणि क्विनाक्रिडोन हे पारदर्शक रंग असल्यामुळे एकावर एक पातळ थर दिले तरी खालचा कागद उजळ राहतो. तयार काळा रंग वापरू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की जिवंत काळा मिळतो, आणि तो निळ्याकडे किंवा तपकिरीकडे हवा तसा झुकवता येतो. थॅलोचे रंग फार जोरकस असतात. कुंचल्याच्या टोकावर मावेल एवढाच रंग आधी घ्यावा आणि पाणी वाढवत जावे.

संदर्भासाठी छायाचित्रे वापरताना एकाच छायाचित्राची नक्कल करू नये. शेपटीसाठी एक, गळ्यासाठी दुसरे, बैठकीसाठी तिसरे असे पाच-सहा संदर्भ जमवावेत आणि एखाद्याच छायाचित्रावर चित्र आधारायचे असेल तर छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी.

तारेचा नमुना

हा टप्पा बहुतेकजण सोडून देतात; माझ्या मते सबंध पद्धतीत सर्वांत मोलाचा तो हाच आहे. बारीक तांब्याची तार घ्यावी. जुन्या वायरीतून निघते ती चालते. तिचे सुमारे २० सेंटिमीटरचे दोन तुकडे करावेत. जाड कागदाच्या दोन लंबगोल चकत्या कापून, एका बाजूला गडद निळा-जांभळा रंग देऊन त्या तारांच्या टोकांना चिकटवाव्यात. दुसरी टोके मातीच्या किंवा साबणाच्या अंड्याएवढ्या गोळ्यात शेजारी शेजारी रोवावीत. आता तारांना बाहेरच्या बाजूने बाक देऊन, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे जाईल अशा छेदाने वळवावे.

हा नमुना टेबलावर ठेवून एका बाजूने दिवा लावावा आणि त्याची दहा-बारा कच्ची रेखाटने करावीत. प्रत्येक वेळी नमुना थोडा फिरवावा. तीन गोष्टी लगेच ध्यानात येतील. एक, दोन्ही चकत्या एकाच आकाराच्या असूनही एक गोल आणि दुसरी अरुंद लंबगोल दिसते, आणि हा फरकच चित्राला खोली देतो. दोन, छेदाच्या ठिकाणी एक तार पुढे आणि एक मागे असते. कोणती पुढे हे ठरवले नाही तर शेपटी सपाट होते. तीन, एका चकतीवर उजेड पडतो तेव्हा दुसरी बहुधा सावलीत असते. दोन्ही चकत्या सारख्याच आकाराच्या, सारख्याच उजेडात आणि एकाच पातळीवर काढलेले चित्र शोभेच्या कर्णफुलांसारखे दिसते.

रेखाटन

आता ए-४ कागदावर आधी शेपटी. कागद उभा धरावा. ज्या ठिकाणी शेपटी शरीरातून निघेल तो बिंदू वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, मध्यापासून थोडा बाजूला घ्यावा. त्या बिंदूपासून खाली दोन बाक अगदी फिकट रेघेने ओढावेत, छेद ठरवावा, चकत्यांच्या जागा ठरवाव्यात. चकत्या कागदाच्या कडेला फार जवळ जात नाहीत ना, हे पाहावे. ही रचना डोळ्याला आवडेपर्यंत पक्ष्याचे शरीर काढूच नये.

त्यानंतर शरीर. अंड्याचा आकार घ्यावा आणि त्याचा अक्ष फांदीशी उभट ठेवावा. बसलेला हमिंगबर्ड चिमणीसारखा आडवा नसतो. डोके लहान वर्तुळाने काढावे आणि अंड्याशी जवळजवळ मानेविना जोडावे. चोचीची रेघ डोळ्याच्या मध्याच्या किंचित खालून निघते. ती ओढताना पट्टी वापरू नये, कारण तिचा अगदी सूक्ष्म बाकही दिसला पाहिजे. चकती साधारण डोक्याएवढी ठेवली की प्रमाण पटते. तरी शेवटचा निर्णय आपल्या संदर्भ छायाचित्रांवर पेन्सिल ठेवून, मोजूनच घ्यावा. मिटलेले पंख पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत जाणाऱ्या अरुंद कोयत्यासारखे दिसतात. पाय जवळजवळ झाकलेले असतात. फांदी धरलेल्या नख्यांची सूचना देणाऱ्या दोन-तीन रेघा पुरतात.

रेखाटन वेगळ्या कागदावर पूर्ण करून मग ट्रेसिंगने मूळ कागदावर उतरवावे. सुती कागदावर वारंवार खोडले की तेथील पृष्ठभाग फुलतो आणि त्या जागी रंग डागासारखा पसरतो.

पार्श्वभूमी

येथे एक निर्णय आधीच पक्का करावा लागतो. शेपटीचे दांडे केसाएवढे बारीक आणि गडद आहेत. पार्श्वभूमी गडद हिरवी घेतली तर ते दिसणारच नाहीत, आणि उजळ रंगाने वरून ओढले तर खोटे वाटतील. म्हणून पार्श्वभूमी फिकट ठेवावी. या उतारांवर धुके नेहमीचेच असल्यामुळे हा निर्णय निसर्गालाही धरून आहे. पक्ष्याच्या शरीराची कड सांभाळत कागद स्वच्छ पाण्याने ओला करावा. त्यात अल्ट्रामरीन, किंचित बर्न्ट सिएना आणि पिवळ्याचा स्पर्श यांचा अतिशय पातळ राखाडी-हिरवा सोडावा. खालच्या कोपऱ्यात दूरच्या झाडोऱ्याचे एक-दोन पुसट आकार ओल्यातच यावेत. शेपटीच्या जागी मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा द्रव) लावण्याची गरज नाही. पार्श्वभूमी पुरेशी फिकट असेल तर गडद दांडे तिच्यावरून सहज ओढता येतात. कागद पूर्ण वाळू द्यावा, आणि शक्य असेल तर पुढचे काम दुसऱ्या दिवशी करावे.

शरीराचे रंग

पांढऱ्या पोटापासून सुरुवात करावी. पांढरा म्हणजे कागद. त्याच्या सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन आणि चिमूटभर बर्न्ट सिएनाचा पातळ थंड राखाडी द्यावा. पोट वाळल्यावर मधली काळी रेघ ३ क्रमांकाच्या कुंचल्याने छोट्या, पिसांच्या दिशेने जाणाऱ्या फटकाऱ्यांनी भरावी. तिच्या कडा किंचित तुटक असू द्याव्यात. एकसंध रेघ ओढली तर पोट दुभंगल्यासारखे दिसते.

पाठीसाठी पिवळा आणि थॅलो ग्रीन यांचा उजळ थर आधी द्यावा. तो वाळल्यावर त्यावर थॅलो ग्रीन आणि बर्न्ट सिएना यांचा गडद थर पिसांच्या ओळींच्या मधून फिरवावा, म्हणजे खालचा उजळ थर प्रत्येक पिसाच्या टोकाशी उरेल. कांस्याची झाक हवी तेथे बर्न्ट सिएनाचा एक अगदी पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, शेवटी द्यावा. पंख मात्र चमकत नाहीत. ते काळपट तपकिरी, सपाट ठेवावेत. शेजारी काहीतरी निस्तेज असल्याशिवाय चमकणारे चमकत नाही.

आता गळा. सर्वांत उजळ ठिपक्याची जागा ठरवून तेवढा कागद कोरा सोडावा. उरलेल्या गळ्यावर थॅलो ब्लू आणि थॅलो ग्रीन यांचा मध्यम पातळ थर द्यावा आणि तो ओला असतानाच कडेच्या बाजूने थॅलो ब्लू, त्याच्याही बाहेर डायऑक्साझिन व्हायोलेट सोडावा. रंगांना आपले आपण मिसळू द्यावे. कुंचला फिरवून मिसळले की मळकट होतात. पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएनाच्या दाट काळ्याने पिसांचे खवले काढावेत. प्रत्येक खवला चंद्रकोरीसारखा, कडेकडे जाताना लहान आणि दाट, उजळ भागात अगदी तुरळक. शेवटी कोऱ्या सोडलेल्या ठिपक्यावर थॅलो ग्रीनचा पाण्यासारखा पातळ थर द्यावा आणि त्याच्या मध्यावर कागदाचा एखादा कण पांढराच राहू द्यावा. माथ्याच्या तुऱ्यासाठी हाच क्रम, फक्त हिरव्याऐवजी अल्ट्रामरीन आणि व्हायोलेट घ्यावेत. उजळ भाग गळ्यापेक्षा लहान ठेवावा. दोन्ही ठिकाणी सारखीच चमक आली की नजर कोठेच ठरत नाही.

डोळा काळा करून त्यात वरच्या बाजूला प्रकाशाचा एक ठिपका सोडावा. राहून गेला असेल तर पांढऱ्या गुआशचा (अपारदर्शक जलरंगाचा) एक बिंदू चालतो.

शेपटी रंगवणे

दांडे ओढण्यापूर्वी त्याच जातीच्या वेगळ्या कागदावर तोच बाक वीस-पंचवीस वेळा ओढून पाहावा. रिगरमध्ये निळसर काळा रंग दुधाएवढा पातळ करून भरावा, मनगट टेकवू नये, हालचाल खांद्यातून यावी आणि रेघ शरीराकडून चकतीकडे एका श्वासात ओढावी. मुळाशी पीस किंचित रुंद असते, मग बारीक होत जाते. म्हणून सुरुवातीला थोडा दाब आणि पुढे तो कमी करत जावा. छेदाच्या ठिकाणी मागच्या दांड्याची रेघ केसभर तोडावी. एवढ्याने पुढचा दांडा पुढे येतो. मध्ये राहणारी दोन आखूड पिसे आधीच रंगवून घ्यावीत.

चकत्यांमध्ये आधी अल्ट्रामरीन आणि व्हायोलेटचा मध्यम थर द्यावा. उजेडातल्या चकतीत एका कडेला ओल्यातच थॅलो ब्लू सोडावा आणि एक अरुंद उजळ पट्टा पाण्याने भिजवलेल्या, पिळलेल्या कुंचल्याने उचलून घ्यावा. दुसऱ्या कडेला व्हायोलेटमध्ये क्विनाक्रिडोन रोझचा थेंब द्यावा. सावलीतील चकती गडद जांभळ्या-काळ्याने भरावी आणि तिला केवळ कडेची एक निळी रेघ द्यावी. दांडा चकतीच्या आतही पुढे जातो, ती रेघ विसरू नये. कडा पूर्ण गुळगुळीत न ठेवता एक-दोन ठिकाणी तंतू अगदी किंचित सुटलेले दाखवले की ते पीस आहे, टिकली नव्हे, हे पाहणाऱ्याला पटते.

बोमारेआची वेल

फुलांचा घोस पक्ष्याच्या वरच्या कोपऱ्यात, खाली लोंबणारा घ्यावा. म्हणजे शेपटीच्या उतरत्या बाकांशी त्याची सोबत होते. फुले अरुंद घंटेसारखी, लालसर-नारिंगी. क्विनाक्रिडोन रोझ आणि उबदार पिवळा यांच्या मिश्रणाने हा रंग छान मिळतो. या कुळातील पानांची एक खूण वनस्पती जाणणारे लगेच शोधतात: पान देठाशी पिळलेले असते, त्यामुळे त्याची खालची बाजू वर येते. दोन-तीन पानांत तरी हा पीळ दाखवावा. फुलांचा लाल रंग गळ्यापेक्षा मंद ठेवावा, नाहीतर चित्र फुलांचे होते आणि पक्षी पाहुणा ठरतो.

सोन्याच्या वर्खाचा प्रयोग

गूल्ड यांच्या ग्रंथातील चमक साध्या जलरंगाने आलेली नव्हती. चमकत्या भागांवर सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक तैलरंग आणि वार्निश यांचे थर दिलेले असत; १८५१ पासून विल्यम हार्ट हे चित्रकार त्यांच्यासाठी असे धातूच्या चमकीचे काम करू लागले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या काळात गूल्ड यांनी प्राणिसंग्रहालयाच्या बागेत आपला हमिंगबर्डांचा संग्रह मांडला होता. प्रेक्षक तेथे पाहत असलेली चमक चित्रांतही उतरावी, ही त्यांची धडपड त्या पानांवर स्पष्ट दिसते.

हा प्रयोग करून पाहायचा असेल तर वेगळ्या कागदावर फक्त एक चकती किंवा गळाच करावा. खरा सोन्याचा वर्ख घ्यावा. पितळेचा नकली वर्ख काही काळाने काळवंडतो, आणि मिठाईवरचा चांदीचा वर्खही तसाच. कागदावर पातळ डिंकाचे पाणी किंवा वर्खासाठी मिळणारा चिकट द्रव लावून, तो चिकट असतानाच वर्ख ठेवावा आणि मऊ कोरड्या कुंचल्याने दाबावा. वाळल्यावर त्यावर जलरंग टिकत नाही, त्याचे थेंब गोळा होतात. त्याऐवजी अ‍ॅक्रिलिकच्या ग्लेझिंग मिडियममध्ये अगदी थोडा थॅलो ब्लू किंवा व्हायोलेट मिसळून तीन-चार अतिपातळ थर द्यावेत. तैलरंग वापरल्यास तो वर्खाच्या बाहेर उघड्या कागदावर जाऊ देऊ नये, कारण तेल काळांतराने कागद पिवळा आणि ठिसूळ करते.

वर्खाचे चित्र हातात धरून वळवले की खरोखर पिसासारखे बदलते. स्कॅनरखाली मात्र तोच भाग मातकट तपकिरी किंवा काळा येतो. छापण्यासाठी किंवा पडद्यावर दाखवण्यासाठी चित्र करायचे असेल तर वर दिलेली जलरंगाची पद्धतच वापरावी. अभ्रकाच्या भुकटीचे चमकी रंगही मी टाळतो. ते सगळीकडून सारखेच चमकतात, पिसाचा विझणारा काळेपणा त्यांना दाखवता येत नाही.

शेवटची पाहणी

चित्र वाळल्यावर आरशात पाहावे. उलट्या प्रतिमेत शेपटीचा तोल ढळलेला असेल तर तो लगेच कळतो. मग डोळे अर्धवट मिटून पाहावे: सर्वांत गडद जागा गळ्याच्या कडेला आहे का, पोटावरची काळी रेघ फार जोरकस झाली का, दोन चकत्यांपैकी एक दबली का. दुरुस्ती बहुधा गडद करून होते, उजळ करून नव्हे. कागदावरच्या सावलीत अजून एक थर देण्याचे धैर्य झाले की गळा जागा होतो.

चित्राखाली पक्ष्याचे नाव लिहिताना त्याचे ठिकाणही लिहावे. पेरूमध्ये नरांची शिकार झाल्याच्या नोंदी आहेत. त्याचे वाळवलेले हृदय कामोत्तेजक असते अशा समजुतीने मुले गलोलीने त्यांना मारत. जंगलतोडीने त्याचा पट्टा आणखी अरुंद केला आहे. पोमाकोचास गावाजवळ वेम्बो येथे या पक्ष्यासाठी जमीन राखून ठेवण्यात आली आहे आणि तेथे साखरपाण्याच्या भांड्यांवर येणारे नर पाहुण्यांना जवळून दिसतात. 'लॉडिजेशिया मिराबिलिस, नर, उत्कुबाम्बाचे खोरे, उत्तर पेरू' एवढी ओळ पेन्सिलने, उजव्या कोपऱ्यात, आपल्या सहीच्या वर.